काही खास नव्हतं

ट्रामच्या थांब्यावरच्या काचेत ताई हसत होती. तोंडभर, वरच्या हिरड्या दिसतील अशी, डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून. ताई इथे कशी, हा प्रश्न पडायच्या आधीच बारकीची पावलं पुढे झाली, आणि काचेपासून हातभर अंतरावर गेल्यावर तिला दिसलं की ताईच्या गळ्यात आपला राखाडी मफलर आहे, हातात अर्धा खाल्लेला पाव आहे आणि मागे नदी आहे. ती ताई नव्हतीच. ती स्वतः होती. नदीवरच्या बोटीची जाहिरात होती ती. खाली इथल्या भाषेत ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं की सुट्टीचा दिवस पाण्यावर घालवा. मग तिला आठवलं. मागे एकदा बोटीवर मोठा कॅमेरा घेतलेल्या एका माणसानं आधी कॅमेऱ्याकडे, मग तिच्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या होत्या, आणि तोंडात पावाचा घास असल्यामुळे तिनं नुसती मान हलवली होती. पुढे तो माणूसही ती विसरली आणि कॅमेराही. आता ती इथे थांब्यावर माणसाएवढी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दात दाखवत होती, आणि तेही नेमकी आज.

नेमकी आज, कारण आज तिला ताईला फोन करून 'परत येते' असं सांगायचं होतं. गेल्या रविवारी ताईनं सरळ निकालच दिला होता. "बास झालं, बारके. ही सहामाही संपव आणि ये. आपल्या गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले मी. त्यांना डोळे तपासायला माणूस हवंय. तुझं नाव काढलं तर म्हणाले, लगेच घेतो. पुढच्या रविवारी संध्याकाळी दुकानात येणारेत, तेव्हा मला हो की नाही ते सांगावं लागेल. आणि नाही म्हणायचं कारणच काय?" खरंच, नाही म्हणायचं कारण काय? जी मुलगी वर्षभर दर रविवारी फोनवर थंडीनं, एकटेपणानं, बेचव जेवणानं आणि न कळणाऱ्या भाषेनं गांजलेली आहे, गेल्या खेपेला तर कणकण आहे म्हणता म्हणता जिला हुंदका फुटला, तिला घरी बोलावून घेण्यात कोणाचं काय चुकलं? चुकलं होतं ते एवढंच, की बारकी इथे गांजलेली नव्हती. ती इथे मजेत होती. इतकी मजेत ती आयुष्यात कधी नव्हती. आणि ही गोष्ट साऱ्या जगात फक्त तिला ठाऊक होती; आता ट्रामची वाट बघणाऱ्यांनाही झाली.

ट्राम आली. दारं उघडली, मिटली, ट्राम गेली. बारकी बाकावर बसून राहिली. पाठीमागून आपणच आपल्या मानेवर हसतोय असं तिला वाटत होतं, म्हणून ती जरा कडेला सरकली. खरं तर ती निघाली होती वाचनालयामागच्या बागेत, निवांत जागा बघून फोन करायला. काय बोलायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. 'ताई, तू म्हणतेस तर येते.' एवढं एकच वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं. ताई म्हणत होती, हे खरंच होतं.

त्यांच्या घरात एक रीत होती. ती कोणी घालून दिली कुणास ठाऊक. बाबांच्या आईपासून आली असेल. एकट्यानं भोगलेल्या सुखाला घरी येऊन नावं ठेवायची. बाबा एकटेच कुणाच्या लग्नाला जाऊन पंगत झोडून आले की उंबऱ्यातच म्हणायचे, "भात कच्चा होता." आई शेजारणींबरोबर सहलीला गेली तर परत येऊन पाय चोळत म्हणायची, "नुसती धूळ गं. पैसे वाया." मग कितीही खोदून विचारलं तरी शेवटी ठरलेलं वाक्य, "काही खास नव्हतं." ऐकणाऱ्यालाही कळायचं की खास होतं. पण त्या नावं ठेवण्यानं घरी राहिलेल्या माणसाच्या तोंडाला उगाच पाणी सुटत नसे, आणि गेलेल्याला मेल्याहून मेल्यासारखं होत नसे. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं असतं तर हसून हसून पोट दुखलं असतं त्याचं. या घरात मात्र हीच माया करायची पद्धत होती. जवळ घेणं वगैरे प्रकार फारसे नव्हते. बारकी ही रीत शिकली ती एका वाढदिवसाच्या संध्याकाळी. ताई तापानं पडली होती, म्हणून बारकी एकटीच गेली, आणि परत आल्यावर ताईच्या अंथरुणापाशी उड्या मारत तिनं सगळं साग्रसंगीत सांगितलं: फुगे किती, केक कसला, जादूगारानं कुणाच्या कानातून काय काढलं. ताई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं हळूच कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. आईनं बारकीला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि चिमटा काढला. "असं सांगतात का? ती आजारी आहे ना?" चिमट्याचं काही वाटलं नाही. ती भिंतीकडे वळलेली पाठ मात्र बारकीच्या मनातून कधी गेली नाही. फ्रॉकच्या पाठीचं एक बटण तुटलं होतं, तेवढंही तिला अजून दिसत असे.

आणि ताईचं जे राहिलं ते काही फुगे आणि केक नव्हते. डोळे तपासण्याच्या आणि भिंगांच्या याच अभ्यासाला ताई जाणार होती, अशाच एका परदेशी शहरात. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत भिंगं घासायचं चाक पाण्याची पिचकारी उडवत फिरायचं, आणि ताई शाळेत असल्यापासून त्या चाकापाशी बसायची. भिंगाबद्दल तिला जे वेड होतं ते बारकीला कधीच नव्हतं. बारकी पुस्तकातली हुशार, ताई खरी हुशार. ताईला प्रवेश मिळाला, पासपोर्ट झाला, निळी बॅग आणली, बॅगेला दोरी बांधून झाली. मग एका सकाळी गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी वाकवता वाकवता बाबा खुर्चीतून खाली घसरले. उजवी बाजू गेली. ताईनं बाबांना दवाखान्यात पोचवलं, परत येऊन जमिनीवर पडलेला तो चष्मा उचलला, काडी सरळ केली आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी दुकान तिनंच उघडलं. तू राहा असं तिला कुणी म्हणालं नाही, तू जा असंही नाही. सगळ्यांनी मूग गिळले. निळ्या बॅगेत रजया भरून ती कपाटावर ठेवण्यात आली. बारकी तेव्हा दहावीत होती. बॅग वर चढवताना तिनं स्टूल धरलं होतं. पुढे आईनं एकदा ताईला समजावणीच्या सुरात म्हटलं, "जाऊ दे गं, तिकडे तरी एवढं काय ठेवलंय?" पण हुकलेल्या गोष्टीला ताईनं कधी नावं ठेवली नाहीत. बारकीची वेळ आली तेव्हा मात्र ताईनं घर डोक्यावर घेतलं. बारकीचं अर्जबिर्ज करायचं मन नव्हतं, ताईनं करायला लावलं. रजया काढून बॅग उन्हात ठेवली. विमानतळावर तिनं बारकीचा चष्मा नाकावरून काढला, फुंकर मारून ओढणीनं पुसला, पुन्हा घातला आणि काड्या कानामागे नीट बसवल्या. "नीट बघ सगळं," एवढंच म्हणाली.

सुरुवातीची रडगाणी खरी होती, हे सांगायला हवं, नाहीतर बारकीवर अन्याय होईल. पहिले काही आठवडे ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. खोली एवढी चिंचोळी की बॅग उघडली की दार उघडत नसे. दुकानात साखर समजून मीठ आणलं होतं. विद्यापीठाच्या दवाखान्यात म्हातारी माणसं डोळे तपासून घ्यायला यायची. अंधाऱ्या खोलीत त्यांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत 'हे बरं की हे?' असं विचारायचं काम तिचं, आणि ती माणसं जे उत्तर द्यायची ते तिला कळायचं नाही. तेव्हा ताई फोनवर धीर द्यायची आणि बारकी तो धीर पुरवून पुरवून आठवडाभर वापरायची. मग कधीतरी, कोणत्या दिवशी ते काही सांगता येणार नाही, सगळं बरं वाटायला लागलं. एक आजोबा अंधारात चाचपडत तिचा हात शोधून म्हणाले, "हे. हेच बरं. आता माझी बायको दिसतेय," आणि ते वाक्य तिला सबंध कळलं. त्या दिवशी ती घरी न जाता ट्राममध्ये बसली, आणि ट्राम जिथे संपते तिथपर्यंत गेली. तिथे काहीच नव्हतं. एक शेत, एक बंद दुकान, कुंपणावर बसलेलं मांजर. ती तिथून पायी परत आली आणि वाटेत प्रत्येक खिडकीतल्या कुंड्या बघत आली. पाय दुखले, आणि पाय दुखले याचाही तिला आनंद झाला.

तेव्हापासून तिला नादच लागला. फुकटातले नाद सगळे. बाजार उठायच्या वेळी फुलवाल्या बाईच्या ओट्याशी उभं राहायचं. ती बाई देठ मोडलेली फुलं टाकून न देता हिच्या हातात कोंबायची. बागेत म्हातारे मोठ्या फरशीच्या पटावर गुडघ्याएवढे प्यादे उचलून बुद्धिबळ खेळत आणि हरले की प्याद्यालाच लाथ मारत. ते बघत बसायचं. वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ऊन येतं, तिथे पुस्तक उघडून डुलकी काढायची. आणि सगळ्यात वर म्हणजे बोट. या काठावरून त्या काठावर जाणारी, भाजीच्या पिशव्या आणि सायकली वाहणारी साधी बोट. चढायच्या आधी धक्क्यावरच्या भट्टीतून गरम पाव घ्यायचा, तो मफलरखाली धरून पोट शेकायचं, आणि मधल्या धारेला वारा लागला की लोण्यासकट खायचा. एवढंच. पण तेवढ्यानं तिला भरून यायचं. आणि नेमकं तेव्हाच मनात दुसरं यंत्र सुरू व्हायचं. पाव किती खमंग, असं वाटलं रे वाटलं की रविवारचं वाक्य तयार: 'इथला पाव म्हणजे वीट आहे वीट.' नदी चमकली की, 'नदीवरून असा वारा येतो ताई, हाडं फुटतात.' आनंद झाला की आधी त्याचं उलटं करून ठेवायचं, मगच तो खायचा. पुढे पुढे तिला यात एक प्रकारची हातोटीच आली. ताईला हसू येईल इतपत रडायचं, काळजी वाटेल इतकं नाही. गेल्या रविवारी मात्र तोल गेला. कणकण खरीच होती, ताईच्या आवाजात कळवळा होता, आणि आपण हिला वर्षभर फसवतोय हे एकदम आठवून बारकीला रडू फुटलं. ताईला वाटलं, पोरगी आता कोलमडली.

"अरे, ही तर तू!"

बारकी दचकली. वर्गातली लांब टांगांची मुलगी होती. ती ट्राममधून उतरली होती आणि जाहिरातीकडे आणि बारकीकडे आळीपाळीनं बघत होती.

"मीच," बारकी खाली मान घालून म्हणाली.

"आणि तोंड का पाडून बसलीस? छान आलाय फोटो! थांब, तुझ्या घरच्यांना पाठवायला काढून देते."

"नको नको."

"का?"

याचं काय उत्तर द्यायचं? एवढी आनंदी दिसतेय म्हणून, असं सांगितलं असतं तर त्या मुलीला वाटलं असतं की हिला भाषा अजून नीट येत नाही. "माझे दात फार दिसतात," बारकी म्हणाली.

"दिसू देत की," लांब टांगांची मुलगी म्हणाली. "हसताना दिसणारच." आणि ती आपल्या वाटेनं गेलीसुद्धा. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. बारकीला तिचा क्षणभर हेवा वाटला, आणि थोडा रागही आला. ज्या घरात सुखाचा हिशेब कुणी मागत नाही अशा घरात ही वाढली असणार, असं तिच्या मनात आलं. मग तिचं तिलाच वाटलं की आपल्याही घरात तो कुणी मागत नव्हतं. न मागताच देत होतो आपण.

ती उठली, पण बागेकडे गेली नाही. पाय आपसूक नदीकडे वळले. धक्क्यावर तिकिटं फाडणारी जाडी बाई तिला बघून खो खो हसली आणि म्हणाली, "या, या, जाहिरातवाल्या बाई! आता तुमच्याकडून तिकीट कसं घ्यायचं?" आणि तरी तिकीट फाडलंच. बारकी नेहमीसारखी कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. आज पाव घेतला नव्हता. घशाखाली उतरलाच नसता. परत जायचं म्हणजे काय हे तिनं आजपर्यंत नीट डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं; फोनवर काय बोलायचं एवढंच आणलं होतं. आता ते आलं. गल्लीतला तो दवाखाना, बाहेरच्या बाकावरच्या चपला, डॉक्टरांचं सारखं घड्याळाकडे बघणं. संध्याकाळी दुकानात ताईच्या शेजारी बसायचं. त्यात वाईट काहीच नव्हतं. ताईनं तेच तर केलं होतं इतकी वर्षं. पण ताईनं ते केलं तेव्हा तिच्याजवळ खरं कारण होतं, बाबा पडले होते. आपण परत जाऊ ते कशासाठी? एका खोट्यासाठी. अभ्यास अर्धा राहील, ते आजोबा आणि त्यांची दिसायला लागलेली बायको इथेच राहतील, आणि ताईला जन्मभर वाटत राहील की मी पोरीला वाचवलं. हे मनात आल्यावर तिला कठडा घट्ट धरावासा वाटला. आणि दुसरीकडून तोच जुना विचार: खरं सांगितलं तर ताई तोंड भिंतीकडे करील. या खेपेला ते आपल्याला दिसणारसुद्धा नाही. नुसता फोनमधला गप्प श्वास ऐकू येईल.

पलीकडच्या काठावर उतरल्यावर पहिलं बाक दिसलं तिथे तिनं बैठक मारली आणि आणखी विचार करायच्या आत फोन लावला. तिकडे दुपार कलली असणार. पहिल्या घंटेलाच ताईनं उचलला.

"ताप आहे का गं?"

"नाही. बरी आहे मी."

"आवाज बसलाय."

"वाऱ्यात आहे म्हणून. बाबा कसे आहेत?"

"खुर्चीत बसून मला चुका दाखवतायत, म्हणजे बरेच आहेत. हे बघ, डॉक्टर सहाला येतील. त्यांना मी हो म्हणून टाकते. तू काही मनाला लावून घेऊ नकोस. लोक काय म्हणतील वगैरे अजिबात नाही. शिकायला गेलेली माणसं परत येत नाहीत का?"

बारकीनं ठरवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. समोर एक लहान मुलगी बदकांना पावाचे तुकडे टाकत होती आणि प्रत्येक तुकड्याचा अर्धा स्वतः खात होती. बारकी म्हणाली, "ताई, मी राहते इथेच. मी खरंच बरी आहे आता."

"सोसतेयस तू."

"नाही गं."

"मला शिकवू नकोस. मी ओळखते तुला." ताईचा आवाज एकदम खाली आला, दुकानात कुणी असावं, किंवा बाबा ऐकत असावेत. "माझंच चुकलं, बारके. तुला जायचं नव्हतं. मी माझी हौस तुझ्या गळ्यात मारली. दर रविवारी तुझं ऐकून फोन ठेवला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. माझ्यासाठी म्हणून तू तिथे एक दिवसही जास्त काढायचा नाहीस. ऐकतेयस ना?"

हे बारकीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या रडण्यानं ताईचं दुखणं कमी होतंय अशीच तिची समजूत होती. तिकडे तर ताईनं सगळा दोष स्वतःवर घेतला होता आणि वर्षभर तो गिळत होती. आणि मग बारकीनं बोलायला सुरुवात केली, कुठून करायची हे न ठरवता.

"ताई, इथला पाव वीट नाही. फार छान असतो तो. गरम मिळतो. मी तो पोटाशी धरून बोटीत बसते." पुढचं आपोआप येत गेलं. बोट, जाडी तिकीटवाली, देठ मोडलेली फुलं. प्याद्याला लाथ मारणारे म्हातारे. ट्राम संपते तिथलं मांजर. आजोबांनी 'आता माझी बायको दिसतेय' म्हटलं ते. वाचनालयातली डुलकी. "आणि थंडीचं मी किती सांगितलं तुला, पण ताई, सकाळी गवतावर पांढरं साचतं ना, त्याच्यावर पहिलं पाऊल टाकलं की बारीक आवाज येतो. तेवढ्यासाठी मी लवकर उठते. मी सगळं खोटं सांगत होते. सुरुवातीचं खरं होतं, नंतरचं सगळं खोटं. मी फार मजेत आहे इथे. मला नाही यायचं परत."

बोलून झाल्यावर तिला धाप लागली होती. पलीकडून काही आवाज आला नाही. चाक बंद होतं. कुठेतरी बाबांची खुर्ची करकरली. बारकीनं फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला.

"आहेस ना, ताई?"

"आहे." मग ताई म्हणाली, "मला थोडं थोडं कळत होतं."

"काय?"

"आपल्या घरची रीत मला ठाऊक नाही होय? तू पावाला एवढी नावं ठेवलीस तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण मला ते खरं हवं होतं, बारके. तुझी काळजी वाटायची, घास उतरायचा नाही, ते सगळं खरं. पण रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, बरं झालं मी नाही गेले. तिथे काही नाहीच. थंडी आणि वीट. चांगली झोप लागायची मला त्यानं. बघ, कसली बहीण आहे मी."

"तसं नाही गं, ताई."

"म्हणजे मी गेले असते," ताई सावकाश म्हणाली, एकेक शब्द हाताळून बघत असावी तशी, "तर मलाही आवडलं असतं."

बारकीच्या तोंडाशी घरातलं ते नेहमीचं वाक्य आलं. ते म्हणणं किती सोपं होतं. म्हटलं असतं तर ताईनं मानल्यासारखं केलं असतं आणि दोघी पुन्हा पुढच्या रविवारपर्यंत सुटल्या असत्या. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि वाऱ्यानं गार लागलं.

"हो," ती म्हणाली. "खूप आवडलं असतं. माझ्यापेक्षा जास्त. भिंगांच्या प्रयोगशाळेतून तर तू बाहेरच आली नसतीस."

आता ताई रडत होती. तोंडावर हात दाबून, आवाज बाबांपर्यंत जाऊ नये म्हणून. पण बारकीला तो ऐकू येत होता. बाबा पडले तेव्हा नाही, बॅग कपाटावर चढली तेव्हा नाही, विमानतळावर नाही. ताईचं रडणं ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती फोन धरून बसून राहिली. बोट परत निघाली, भोंगा वाजला.

"तो कसला आवाज?" ताईनं नाक ओढत विचारलं.

"बोटीचा."

"बरं." ताईनं घसा साफ केला. तिचा दुकानातला आवाज परत आला, पण तितकासा जमला नाही. "डॉक्टरांना मी नाही म्हणून सांगते. आणि एक ऐक. पुढच्या रविवारपासून हे उलटं करून सांगणं बंद. असेल तसं सांगायचं."

"ताई, तुला त्रास होईल."

"होईल की. का नाही होणार?" ताई म्हणाली. "तो तरी माझा मला होऊ दे."